शांतताकाकांचं खासगी कर्ज

कर्ज काढायचं ठरवलंय ही गोष्ट शांतताकाकांना फक्त बायकोला सांगायची होती, आणि त्यांनी ती फक्त बायकोलाच सांगितली. ती तीन मजल्यांच्या सगळ्या इमारतीला कळली यात त्यांचा दोष एवढाच, की काकूंना कमी ऐकू येत होतं.

काकांनी चौतीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली होती. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलेली. तिच्याखाली बसून बसून त्यांचा आवाज असा काही खाली गेला होता, की दुकानात त्यांनी पाव किलो साखर मागितली तर दुकानदार ओठांकडे बघून अंदाजाने काहीतरी बांधून देई. निवृत्त झाल्यावरही आवाज वर आला नाही. रागावले की ते आणखी हळू बोलत, आणि फारच रागावले तर नुसतं बोट ओठांवर ठेवत. शांतताकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं. अशा माणसाच्या बायकोचे कान जावेत, हा दैवाचा निव्वळ चावटपणा म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली तेव्हा काकूंना वाटलं, ह्यांचाच आवाज आणखी बसला. मग दाराची घंटा ऐकू येईना, तेव्हा घंटा बदलली. तीन घंटा बदलून झाल्यावर खरा प्रकार लक्षात आला. काकू दुपारी इमारतीतल्या मुलांचा वाचनाचा वर्ग घेत. एकदा एका मुलीने वाचताना अख्खी ओळ गाळली आणि काकू म्हणाल्या, "छान!" मुलं हसली. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, गुडघे दुखतात, वर्ग बंद. वाचन ऐकायला गुडघे कशाला लागतात, हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर काकू फारशा कुठे गेल्या नाहीत आणि फारसं काही बोलल्याही नाहीत.

काकांनी यावर उपाय म्हणून कार्डं काढली. वाचनालयातली जुनी, सूचीची, मागून कोरी. 'दूध आले.' 'बिल भरले.' 'मुलीचा फोन होता, बरी आहे.' संसाराचा बराच भाग कार्डावर चालतो हे त्यांच्या लक्षात आलं. पण सगळा चालत नाही. पूर्वी संध्याकाळी काकूंनी शेवटची कपबशी विसळली की काका विचारायचे, "दमलीस का?" तेवढंच. आता हे कार्डावर लिहून दाखवायचं, म्हणजे दमलेल्या बाईला आधी चष्मा शोधायला लावायचा. एकदा त्यांनी ते ओरडून विचारून पाहिलं. ते दरडावल्यासारखं वाटलं, काकू दचकल्या, आणि वरच्या मजल्यावरून विमा एजंटने खिडकीतून उत्तर दिलं, "नाही काका, आज सुट्टी होती!" त्यानंतर काकांनी तो प्रश्न विचारला नाही.

कानाच्या दवाखान्यातल्या मॅडमनी दोन यंत्रांचा भाव एक लाख वीस हजार सांगितला. काकांकडे चाळीस होते. मुलगी परगावी, तिच्या डोक्यावर घराचे हप्ते, तिला सांगायची सोय नव्हती. उरलेल्या ऐंशीसाठी कर्ज काढायचं, असं ज्या रविवारी काकांनी ठरवलं, नेमका त्या रविवारी काकूंचा चष्मा दुरुस्तीला गेलेला. कार्ड चालेना. काकांनी खिडकी लावून घेतली, छातीत हवा भरली आणि जन्मात काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

"मी! कर्ज! काढतोय!"

खाली इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली. तळमजल्यावरच्या शिंपीणवहिनींचं मशीन थांबलं.

"कशाला?" काकू म्हणाल्या.

"तुझ्या! कानांसाठी!"

"मला नकोत कर्जाचे कान," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. विमा एजंट म्हणाला, आधी एकाच कानाला घ्या, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू. हा माणूस जोड्यातला एक बूटसुद्धा हप्त्याने विकत घेणारा. शिंपीणवहिनी म्हणाल्या, त्यांच्या मावसभावाचे कान नुसत्या लसणीच्या तेलाने उघडले. फार खोलात गेल्यावर मावसभावाला फक्त सर्दी झाली होती असं निघालं. ज्याने आयुष्यात कुणाकडून पेनसुद्धा उसनं घेतलं नाही, त्याची अडचण जिन्यात चघळली जातेय हे काकांना सोसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या फळ्यावर सूचना लागली. खाली सही नव्हती, पण अक्षर सूचीच्या कार्डावरचंच होतं.

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, कोणाच्याही खासगी आर्थिक बाबींविषयी जिन्यात, गच्चीत वा अन्यत्र चर्चा करू नये. कोणी विचारणा केल्यास आपल्याला काही माहीत नाही असे सांगावे.'

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवावं. काकांना पुढे ते फार दिवस विसरता आलं नाही.

काका आधी बँकेत गेले. तिथल्या तरुण साहेबाने संगणकावर बराच शोध घेतला आणि तोंड पाडून म्हणाला, "काका, तुमचं काही दिसतच नाही."

"कारण मी कधी कर्ज घेतलं नाही," काका अभिमानाने म्हणाले.

"काय?"

काकांनी तेच वाक्य कागदावर लिहून दिलं.

"तोच तर घोळ आहे! घेतलंच नाही, तर तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार?"

"मी आजवर कुणाचं बुडवलेलं नाही."

"बुडवायला आधी घ्यावं लागतं काका," साहेब म्हणाला. तो उद्धट नव्हता, त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने पाणी मागवलं. काका ते प्यायले नाहीत, कारण तेही उसनं घेतल्यासारखं झालं असतं.

घरी येताना इस्त्रीवाल्याने हाक मारली. त्याला सगळं ठाऊक होतं, पण फळ्यावरची सूचनाही त्याने वाचली होती आणि तो शब्दाला जागणारा माणूस. तो गरम इस्त्रीकडे बघत म्हणाला, "काका, समजा एक माणूस आहे. आपल्या ओळखीचा नाही. त्याला बँकेने नाही म्हटलं. तर त्या माणसाने आपल्या मागच्या गल्लीतल्या पतसंस्थेत जावं. मी तिथे बारा वर्षं सभासद आहे. ही टपरी तिच्याच पैशावर उभी आहे. तिथे संगणक नाही विचारत, माणसं विचारतात."

काकांनी थोडा विचार केला. "आणि त्या माणसाला जामीनदार लागले तर?"

"दोन लागतात. एक मी," इस्त्रीवाला म्हणाला. "त्या माणसाला."

दुसऱ्या झाल्या शिंपीणवहिनी. त्या माणसाच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी तोंडाने चकार शब्द काढला नाही, फक्त काका निघाले तेव्हा शर्टाचं लोंबणारं बटण दाताने दोरा तोडून शिवून दिलं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पतसंस्थेची एकच खोली होती. काकांनी सभासद होण्यासाठी दहा शेअर विकत घेतले, दोन फोटो दिले, विजेचं बिल दिलं. 'कर्जाचे कारण' या दीड इंचाच्या रकान्यात त्यांनी बारीक अक्षरात कारण लिहायला घेतलं आणि ते पुरवणीच्या दोन पानांवर गेलं. कानाची रचना, बिघाडाचा इतिहास, आणि शेवटी संदर्भग्रंथ. कारकूनबाईंनी ते सगळं शांतपणे वाचलं. "काका, 'औषधोपचार' एवढं पुरतं," त्या म्हणाल्या, पण पानं जोडून घेतली.

आता पतसंस्थेची एक जुनी रीत होती. कर्ज देण्याआधी त्यांचा चौकशीचा माणूस अर्जदाराच्या इमारतीत येऊन जाई आणि आपण कोण हे सांगत नसे. सांगितलं की लोक गोडगोड बोलतात, असा अनुभव. तो येई खोली भाड्याने बघायला आल्यासारखा. इस्त्रीवाल्याने त्याला एका नजरेत ओळखलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण इस्त्रीवाला त्या वेळी कपडे पोचवायला गेला होता.

चौकशीचा माणूस आधी विमा एजंटला भेटला. "दुसऱ्या मजल्यावरचे काका कसे आहेत हो? म्हणजे, पैशाबिशाची ओढाताण वगैरे?"

एजंटला फळा आठवला. "ओढाताण? काकांना? अहो, ते इतरांना देतील! त्यांना काय कमी आहे!"

मग तो शिंपीणवहिनींकडे गेला. "ते कर्ज काढतायत असं कानावर आलं."

"मला काही माहीत नाही," वहिनी मशीन चालवत म्हणाल्या.

"तुम्ही कुणाला जामीन वगैरे राहिलात का?"

"जामीन? मी?" वहिनींनी कमाल केली. "मी कुणाला सुईसुद्धा उसनी देत नाही!"

रात्री जेवताना वहिनींनी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं, की आज एक भोचक माणूस आला होता, पण काकांच्या अब्रूला मी धक्का लागू दिला नाही.

चार दिवसांनी काकांना पत्र आलं. 'अर्जदार सधन असून त्यांस कर्जाची गरज दिसत नाही. तसेच जामीनदार क्रमांक दोन यांनी जामीन राहिल्याचे नाकारले आहे. सह्यांबाबत खुलासा करण्यासाठी शनिवारी चार वाजता संचालक मंडळापुढे हजर राहावे.'

काकांनी ते पत्र उभ्याने एकदा आणि बसून तीनदा वाचलं. खोटी सही! ज्या माणसाने चौतीस वर्षांत वाचनालयाची एक टाचणी घरी आणली नव्हती, त्याच्यावर खोट्या सहीचा आळ. त्यांनी एक कार्ड घेतलं, 'कर्ज रद्द' असं लिहिलं आणि काकूंसमोर ठेवलं.

चष्मा परत आला होता. काकूंनी कार्ड वाचलं, उलटं केलं आणि मागे लिहिलं, 'बरं झालं. आता ऐकायचं तरी काय राहिलंय.'

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. अपमान, आळ, अब्रू हे सगळं त्या एका ओळीपुढे एकदम लहान वाटायला लागलं. मग ते उठले आणि कार्ड खिशात घालून खाली गेले.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात?"

"अहो, तुम्हीच लिहिलंत ना!" वहिनींनी फळ्याकडे बोट केलं. "माहीत नाही असे सांगावे!" आणि मग काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! तो खोलीवाला!"

शनिवारी काका बुटांना पॉलिश करून एकटेच निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मागे शिंपीणवहिनी, इस्त्रीवाला, विमा एजंट आणि इमारतीतली आणखी सात-आठ माणसं येत होती. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. कुणी जुमानलं नाही.

संचालक मंडळात पाच जण होते. मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई. त्यांची बेकरी होती आणि बाहीला अजून पीठ होतं. काकांनी खुलासा सुरू केला, तो पहिल्या रांगेलाही पोचेना. तेव्हा इमारतीने तो हाती घेतला, आणि केलेली चूक दुरुस्त करण्यासाठी उलट्या टोकाला धावली.

"ते सधन नाहीत हो! अगदी कफल्लक आहेत!" एजंट म्हणाला. "बूट बघा! तळ दोनदा बदललाय!"

"अंगातला शर्ट बघा!" वहिनी म्हणाल्या. "याची कॉलर मी दोनदा उलटवलीय! आता तिसरी बाजूच उरली नाही उलटवायला!"

"इस्त्रीला महिन्याला दोनच कपडे टाकतात," इस्त्रीवाला म्हणाला, "तेही गादीखाली घडी करून झाल्यावर!"

सचिव हे सगळं भराभर लिहून घेत होते. आपलं दारिद्र्य मुद्देसूद इतिवृत्तात चाललंय हे बघून काकांना घाम फुटला. आवाज वाढत गेला, सगळे एकदम बोलायला लागले, आणि काकांच्या तोंडून चौतीस वर्षांच्या सवयीने, हळू पण धारदार, दोन शब्द निघाले.

"शांतता राखा."

अध्यक्षबाईंनी टेबलावर टेकलेले दोन्ही कोपर झटकन काढून घेतले आणि त्या ताठ बसल्या. मग त्या काकांकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"तुम्ही वाचनालयातले!" त्या म्हणाल्या. "अहो, मी अकरा वर्षांची होते. सभासदाच्या फॉर्मवर जामीनदाराची सही लागायची. आमच्यासाठी सही करणारं कुणी नव्हतं. मी फॉर्म घेऊन तीन दिवस दारात उभी. चौथ्या दिवशी तुम्ही फॉर्म ओढून घेतलात आणि त्या रकान्यात स्वतःची सही केलीत."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "ते नियमाला धरून नव्हतं," ते कसेबसे म्हणाले. "कृपया इतिवृत्तात घेऊ नये."

"असे आणखी किती?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "दोनशे सहा."

"आणि पुस्तकं परत आली?"

"नऊ आली नाहीत. ती मी पगारातून भरून दिली." काकांनी नोंद पूर्ण केली. "दंडासह."

खोलीत आता खरोखरच शांतता होती. अध्यक्षबाईंनी सचिवांकडे पाहिलं. "दोनशे सहामध्ये नऊ," त्या म्हणाल्या. "आपली वसुली इतकी चांगली कधी झाली होती हो?" सचिवांनी लेखणी खाली ठेवली. मग अध्यक्षबाई काकांकडे वळल्या, आणि बोलताना त्यांचा आवाज थोडा ओला झाला. "काका, आम्ही अर्जदाराची पत बघतो. तुमची बघायला आम्हाला इमारतीत माणूस पाठवायची गरजच नव्हती. मला विचारायला हवं होतं."

ऐंशी हजार मंजूर झाले, चोवीस हप्त्यांत. वहिनींनी सही पुन्हा केली, ती इतकी जोर लावून, की कागद फाटला आणि नवा फॉर्म आणावा लागला. नव्या फॉर्मवर विमा एजंटने रकाना नसताना समासात सही ठोकून दिली, म्हणून आणखी एक आणावा लागला. चौकशीचा माणूस कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. वहिनींनी जाताना त्याला विचारलं, "मग, खोली मिळाली का?"

जिन्याच्या तोंडाशी काकांनी सगळ्यांना थांबवलं. त्यांना खूप बोलायचं होतं. ज्या माणसांना त्यांनी फळ्यावरून तोंड बंद ठेवायला सांगितलं, ती सगळी शनिवारची दुपार मोडून त्यांच्यासाठी भांडायला आली होती, आणि आपण एवढी वर्षं यांच्यात राहून यांना फक्त सूचना देत आलो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी आभार मानले, चांगले पाच-सहा वाक्यांत. कुणाला एक शब्द ऐकू गेला नाही, पण वहिनींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची जुनी सूचना निघाली आणि तिथे एक कार्ड लागलं. 'मी सर्वांचा ऋणी आहे. याबाबत कोठेही चर्चा करण्यास हरकत नाही.' खाली पूर्ण सही होती.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून यंत्रं येईपर्यंत काका घाईच्या गोष्टी सरळ ओरडून सांगत. यंत्रं आली त्या आठवड्यात काकूंचे गुडघे एकाएकी बरे झाले. दुपारी वर्ग भरला. तीच मुलगी वाचायला बसली, आता ती मोठी झाली होती, पण ओळी गाळायची सवय गेली नव्हती.

"मागची एक राहिली," काकू म्हणाल्या.

मुलीने वर पाहिलं, हसली, आणि राहिलेली ओळ वाचली. काका आतल्या खोलीत पुस्तक उलटं धरून ऐकत होते.

संध्याकाळी मुलं गेली. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून कपबशा विसळत होत्या. शेवटची बशी पालथी घातली गेली तेव्हा काका दाराशी आले. इतके दिवस हा प्रश्न वापराविना पडून होता, तो नीट निघेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी तो त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारला, जो साखरवाल्यालाही ऐकू जात नसे.

"दमलीस का?"

काकूंचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला. त्या वळल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण विचारत जा."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून विमा एजंटचा काळजीचा आवाज आला. "काका! दोन दिवस झाले, तुमच्याकडून काहीच ऐकू येत नाही! सगळं ठीक आहे ना?"

काकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधीच काकूंनी पदराला हात पुसत खिडकी उघडली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"ठीक आहे हो भाऊजी! आमचं आता हळू चाललंय!"